मुंबई नव्हे, मुंबईला

अक्का, आपल्या दोघींत शाळेचा एकच ड्रेस होता. गावच्या शाळेला खोल्या तीन, म्हणून वरचे वर्ग सकाळी भरायचे आणि खालचे दुपारी. तुझी सातवी, माझी तिसरी. शाळा सुटली की तू पळत यायचीस. मी दाराआड परकरावर उभी असायचे. तू ड्रेस काढायचीस, मी घालायचे. तो तुझ्या घामानं पाठीवर ओला असायचा आणि मला दुप्पट व्हायचा. तू कमरेला सुतळी बांधून तो वर ओढायचीस आणि म्हणायचीस, "हालू नको, मास्तर हसतील." बाबा विहिरी खोदायला जायचे, आई लोकांच्या रानात खुरपायला. घरात चूल पेटायची ती दिवसातून एकदा, संध्याकाळी.

त्या वर्षी आई अंथरुणाला लागली. एक दिवस तू पळत आली नाहीस. मी दाराआड थांबले, आणि मग दिसलं की ड्रेस सकाळपासून खुंटीलाच आहे. तू आईच्या जागी खुरपायला गेली होतीस. मला त्या दिवशी काय वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मला बरं वाटलं. ड्रेस कोरडा होता.

तू परत शाळेत गेली नाहीस. उन्हाळ्यात आई गेली. पुढं तुझं लग्न झालं, तू आपलं जळकोटकडचं गाव सोडून लातूरला आलीस. दाजी रिक्षा चालवायचे, तू डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायचीस, आणि तुमच्या एका खोलीत पडद्यापलीकडं मला आणून ठेवलंस. त्या पडद्यामागं मी बी.ए. झाले, डी.एड. झाले. आपल्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मान वर करून सांगते, कारण ती मान तू वर धरून ठेवली होतीस.

तू गेलीस, आणि परवा तुझा जलदानविधी झाला. मला बोलायला सांगितलं. रोज पन्नास पोरांपुढं बोलणारी बाई मी, माइक हातात घेतला आणि एवढंच म्हणाले, "अक्कानं मला शिकवलं," आणि बसले. ते खरं आहे. पण मला तुझ्याशी बोलायचं होतं ते मुंबईचं, आणि ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं.

सुरुवात लातूरला झाली. तुला घास अडकायला लागून तीन महिने झाले होते. आधी भाकरी, मग चपाती, मग भातसुद्धा. तू पाण्याच्या घोटानं घास खाली ढकलायचीस आणि छातीवर मूठ आपटायचीस. दाजींना म्हणायचीस, पित्त झालंय. मी नोकरीच्या गावाहून, अहमदपूरहून, रविवारी आले, तुझी वाळलेली मान बघितली आणि सोमवारी तुला दवाखान्यात नेलं. त्यांनी तोंडातून दुर्बीण घातली. मग तुला बाहेर बाकड्यावर बसवून मला एकटीला आत बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "गाठ आहे. मोठी आहे. उशीर करू नका, मुंबईला दाखवून घ्या." आणि एक लिफाफा दिला.

बाहेर आले तर तू पदरानं तोंड पुसत होतीस. "काय म्हनला?"

"सूज आहे म्हणे."

"एवढं बोलाया एवढा येळ?"

मी लिफाफा पर्समध्ये खाली सारला. म्हणाले, "अक्का, दिवाळीची सुट्टी लागते आहे. तुला मुंबई दाखवते. जाता जाता तिथल्या डॉक्टरांना घसाही दाखवू."

मी सहावीला मराठी शिकवते. विभक्तीचे प्रत्यय फळ्यावर लिहून पाठ करून घेते. स, ला, ते. एका प्रत्ययानं वाक्याचा अर्थ कसा फिरतो, याची उदाहरणं पोरांकडून काढून घेते. आणि त्या दिवशी मी स्वतः एक 'ला' गिळला. मुंबईला दाखवायचं होतं, मी म्हणाले मुंबई दाखवते.

तू तो आनंद गल्लीभर वाटलास. "धाकली मला मुंबई दाखवाया नेऊलाली." बायका तुला याद्या देत होत्या. एकीनं सांगितलं म्हातारीचा बूट बघ, दुसरीनं सांगितलं समुद्रात पाय घाल, गुडघे बरे होतात. एक म्हणाली, "लई वाळलीस गं." तू म्हणालीस, "मुंबईला बारीकच बायका लागतेत." सगळ्या हसल्या. मी दाराशी बसून तुझी बॅग भरत होते आणि मला कुणाच्याही डोळ्याला डोळा देता येत नव्हता. तू मोरपंखी साडी घेतलीस, नवी. ब्लाउज मात्र जुनाच होता, आणि तो तुझ्या दंडावर लोंबत होता.

आपण उतरलो ते दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत. मी तुला लॉज म्हणून सांगितलं. सकाळी तू चहा आणायला खाली गेलीस आणि परत येऊन कॉटवर बसलीस. म्हणालीस, "धाकले, ह्या लॉजवर तमाम मानसं आजारी कशी?"

"मुंबईची हवा अशीच असते."

"प्रत्येकाच्या काखंत फाइल हाय."

तू चहा फुंकून फुंकून प्यालीस. फुंकण्यासारखा तो गरम नव्हता. तू घोट घ्यायला घाबरत होतीस.

दवाखान्याच्या फाटकावर मोठी पाटी होती. मी तुझा दंड धरून तुला तिथून भरभर आत नेलं. दिवसभर रांगा. पुन्हा दुर्बीण, शिवाय तपासायला गाठीचा तुकडा काढला. संध्याकाळी खिडकीमागचा माणूस कागदावर शिक्का मारत म्हणाला, "रिपोर्ट शुक्रवारी. तोवर फिरा मुंबई." त्यानं सहज म्हटलं असेल, बाहेरगावच्या सगळ्यांनाच म्हणत असेल. पण तू माझ्याकडं बघून म्हणालीस, "बघ, त्यालाबी म्हाईत हाय आपन फिराया आलो."

मग आपण फिरलो, अक्का. सोमवारी दवाखाना झाला, मंगळवार, बुधवार, गुरुवार आपण फिरलो. लोक विचारतात मुंबईत काय काय बघितलं. मी सांगते गेटवे, राणीची बाग, चौपाटी, कान्हेरी. कसं बघितलं ते सांगत नाही.

गेटवेला एक जण स्टँडवर दुर्बीण लावून बसला होता. दहा रुपयांत लांबची जहाजं दाखवत होता. "मावशी, या, बघा." तू म्हणालीस, "न्हाई रे बाबा. लई दुर्बिनी झाल्या माज्या." तो काहीच न समजता हसला. फोटोवाल्यानं आपल्याला कमानीपुढं उभं केलं. तो तुला म्हणाला, "आई, जरा मुलीजवळ सरका." तू माझ्याहून चार वर्षांनीच मोठी. माझं तोंड पडलेलं बघून तू त्याला म्हणालीस, "माय न्हाई, थोरली भैन हाय मी हिची. हिच्या वाट्याचं म्हातारपन म्याच घेतलंय, म्हनून अशी दिसते." त्या फोटोत मी बावळटासारखी बघते आहे आणि तू हसते आहेस. तुझा हात माझ्या खांद्यावर आहे. फोटोतसुद्धा त्या हाताची हाडं मोजता येतात.

लाँचमध्ये बसलो तेव्हा तू काठ सोडेपर्यंत डोळे मिटून होतीस. उघडलेस तेव्हा चारी बाजूंना पाणी. मग म्हणालीस, "एवढं पानी. लातुरात आपन आठ आठ दिवस नळाची वाट बघतोत."

"खारं आहे ते."

"खारं असू दे. भांडी तरी घासली असती."

मागं पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागला होता. लोक त्यांना कुरकुरे फेकत होते. पक्षी हवेतच चोच उघडायचे आणि घास पडायचा आत, सरळ. तू त्यांच्याकडं बघतच राहिलीस. एक पक्षी इतका जवळ आला की त्याच्या गळ्याची हालचाल दिसली. तू आपल्या गळ्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "बघ कसं गिळतेत." मी तुला चिक्की दिली. तू ती पदरात बांधून ठेवलीस, तुझ्या लेकीसाठी म्हणून.

बुधवारी सकाळी दादरला समुद्राकाठच्या स्तूपापाशी जाऊन आलो. तिथं तू हात जोडून उभी राहिलीस आणि लवकर हटेनास. मागं रांग होती, मी तुला हलवलं. काय मागितलंस ते मी विचारलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, तिथं मागायचं नसतं, सांगायचं असतं. मंगळवारी दुपारी राणीच्या बागेत पिंजऱ्यापेक्षा तू झाडंच बघत बसली होतीस. बुधवारी संध्याकाळी चौपाटीवर तू भेळ घ्यायला लावलीस, हातात धरलीस, वास घेतलास आणि मला दिलीस. शेवपुरी घेतलीस, मला दिलीस. मी म्हणाले, "अगं मी किती खाऊ?" तू म्हणालीस, "तू खा, मी तुझ्या तोंडाकडं बघून खाते." शेवटी कुल्फी घेतली आणि ती तुझ्या घशाखाली उतरली. तुझे डोळे एवढे मोठे झाले. "धाकले, जाते की." तू लागोपाठ तीन कुल्फ्या खाल्ल्यास. समुद्र काळा पडत चालला होता, लोक वाळू झटकून उठत होते, आणि मी मनात हिशेब मांडत होते की शुक्रवारला किती तास राहिलेत. त्या तीन कुल्फ्यांचं सुख मी नीट घेतलं नाही. त्याची मला फार चुटपुट आहे.

आणि गुरुवारी कान्हेरी. तो हट्ट तुझा. विहारातल्या बायकांनी तुला सांगितलं होतं की मुंबईतसुद्धा बुद्धाची लेणी आहेत. फाटकापासून वर बस जाते, पण त्यानंतर पायऱ्या आहेत. तू पाच पायऱ्या चढायचीस आणि थांबायचीस. म्हणायचीस, "तू दमलीस म्हनून थांबूलालाव." मोठ्या चैत्यातल्या स्तूपाला तू पूर्ण फेरी घातलीस, भिंतीला हात लावत. बाहेर दगडात खोदलेली पाण्याची टाकी पावसानं भरलेली होती. तू वाकून बघितलंस. तुझा चेहरा पाण्यात दिसला आणि तू चटकन मागं सरलीस. मीही तो बघितला होता.

वरच्या अंगाला एका लहान लेण्यात आपण बसलो. आत भिक्खूंना निजायला कोरलेला दगडी ओटा होता. आपल्याशिवाय तिथं कुणी नव्हतं. तू ओट्यावर आडवी झालीस. मोरपंखी साडी, हात पोटावर, डोळे छताकडं. "थंड हाय," म्हणालीस. मग थोड्या वेळानं, "हितं निजलं तर कुनी उठवायचं न्हाई."

"उठ अक्का, कपडे मळतील."

तू उठली नाहीस. "एक इचारू?"

"विचार की."

"तू मला मुंबई दाखवाया आनलीस, का मला मुंबईला दाखवाया?"

अक्का, मी बावीस वर्षं मराठी शिकवते. एवढं नेमकं उदाहरण मला कधी सुचलं नाही. सातवीतून शाळा सुटलेल्या बाईनं माझा गिळलेला प्रत्यय माझ्यापुढं ठेवला.

मी म्हणाले, "दोन्ही."

"दोन्ही न्हाई. पयलं कोनतं?"

तू उठून बसलीस. "दवाखान्याच्या दारावर हातभर अक्षरात लिवलंय. तू माजा दंड धरून अशी फरफटत नेलीस की मी हटकून वर बघितलं. तुला वाटलं हिला क्यान्सर कळतो, कर्करोग कळायचा न्हाई. पोरीच्या शाळंतल्या इज्ञानाच्या पुस्तकात व्हता तो शब्द. मीच पाठ करून घेतलाय तिच्याकडून."

"मग सोमवारीच का बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू रडत बसली असतीस. मंग गेटवे कुनी दाखवलं असतं मला?"

तू हे हसत म्हणालीस. मग हसू गेलं. तू विचारलंस, "आईला काय झालं होतं, तुला म्हाईत हाय?"

"नाही. मी लहान होते."

"मी मोठी होते, मलाबी म्हाईत न्हाई. पोटात गोळा आला म्हनले. बाबाला वारं लागलं म्हनले. आजी तर नुसतीच गेली. आपल्यातली मानसं अशीच जातेत, धाकले. काहीतरी होतंय आन् जातेत. मला तसं जायाचं न्हाई. ते लातूरच्या डॉक्टरचं पाकीट काढ."

"ते इंग्लिशमध्ये आहे."

"म्हनून तर तुला शिकवलं."

मी पत्र काढलं. पान पूर्ण भरलेलं होतं. तुझ्या शेजारी त्या थंड ओट्यावर बसून मी वाचलं, "अन्ननलिकेत गाठ आहे. रुग्णाला गिळताना त्रास होतो. पुढील तपासणीसाठी पाठवत आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

"कागूद तर भरून हाय."

"डॉक्टरांचं इंग्लिश लांबलचक असतं."

तू माझ्याकडं बघितलं नाहीस. तू कागदाकडं बघितलंस, वरपासून खालपर्यंत, जशी डाळीतला खडा शोधायचीस तशी. मग म्हणालीस, "बरं." लेण्यातून बाहेर आलो तेव्हा माकडं पायऱ्यांवर बसली होती. उतरताना तू माझा हात धरला नाहीस. भिंत धरलीस.

ज्या ओळी मी गाळल्या त्या आता लिहिते. "गाठ आजूबाजूला पसरल्याचे दिसते. शस्त्रक्रियेची शक्यता फार कमी वाटते. नातेवाइकांना कल्पना दिली आहे." या तीन ओळी, अक्का. मला पहिल्या दोन वाचवल्या नाहीत हे कुणीही समजून घेईल. पण तिसरी वाचताना मला लाज वाटली. नातेवाइकांना कल्पना दिली आहे. म्हणजे मला. आजार तुझा आणि कल्पना मला.

शुक्रवारी आपल्याला जिनं बोलावलं ती डॉक्टर माझ्याहून लहान होती. तिनं फाइल उघडली आणि मला विचारलं, "यांना सांगितलंय का?" मी इंग्लिशमध्ये म्हणाले की कृपा करून यांना सांगू नका. माझ्या इंग्लिशचा मला अभिमान आहे, ते मी पडद्यामागं बसून मिळवलंय. ते मी तुझ्या विरोधात वापरलं.

तू पुढं सरकलीस. "बाई, ती काय म्हनली ते मला कळलं. डोन्ट एवढं कळतं मला. आजार माजा हाय. माज्यापाशी बोला."

त्या पोरीनं माझ्याकडं बघितलं, मग खुर्ची फिरवून तुझ्यासमोर केली. सगळं सांगितलं, मराठीत. गाठ श्वासनलिकेला लागली आहे. काढता येणार नाही. शेक, म्हणजे रेडिएशन, दिले तर काही दिवस गिळणं सोपं होईल. नंतर अन्नासाठी पोटातून नळी टाकावी लागेल. तू प्रत्येक वाक्याला "हाव" म्हणत होतीस. शेवटी विचारलंस, "फुडली दिवाळी?"

तिनं फाइल मिटली. "तसं सांगता येत नाही कुणाला."

"तुमच्या तोंडावर आलंय की, बाई," तू म्हणालीस. "काय वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही सांगितलं हेच लई झालं."

बाहेर जिन्यात आपलं भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणत होते मुंबईतच राहू, मी बिनपगारी रजा काढते, इथले डॉक्टर मोठे. तू म्हणत होतीस शेक लातूरलाही देतात, त्या बाईनंच सांगितलं. मी ओरडले, "तुला जगायचं नाही का?" जिन्यातली माणसं थांबली. तू हळू म्हणालीस, "मुंबई झाली बघून. आता मला घरी जाऊन कामं करायचीत." मला अजूनही कधीकधी वाटतं की राहिलो असतो तर दोन महिने जास्त मिळाले असते. तुला ते ऐकून राग आला असता. तू म्हणाली असतीस, ते दोन महिने धर्मशाळेत गेले असते. तुझं खरं असेल. पण मी हार मानलेली नाही.

तुझी कामं काय होती ते लातूरला आल्यावर कळलं. दाजींच्या मोठ्या भावानं स्थळ आणलं होतं. आपल्याकडं हे असंच चालतं. घरात कुणी जायला टेकलं की पोरीच्या लग्नाची घाई, म्हणजे आईच्या डोळ्यांदेखत होईल, पुढं वर्षभर थांबायला नको. तुझी लेक नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. तुला काही माहीत नाही असं समजून त्यांनी तुझ्यासमोर सांगितलं, "बाई, तुझी तब्येत सुधारली की लगेच उरकून टाकू."

तू म्हणालीस, "माजी तब्येत सुधारत नसती. मला क्यान्सर हाय आन् तो पसरलाय. फुडल्या दिवाळीला मी न्हाई. पन माज्या मरनाच्या घाईत तिचं लगीन बसवायचं न्हाई. तिची परीक्षा हाय." दाजी उठून बाहेर गेले आणि रिक्षात जाऊन बसले. त्यांना तुझ्याच तोंडून पहिल्यांदा पूर्ण कळलं. मी त्यांनाही सूजच सांगितली होती. पोरगी कोपऱ्यात उभी होती. तू तिला जवळ बोलावलंस आणि तिच्या हातात तुझी फाइल दिलीस. "नर्स होनार ना, मंग वाच."

तिथून पुढं कागद आला की तू म्हणायचीस, "वाच." मी वाचायचे, सगळं, स्वल्पविरामासकट. अडलेला शब्द आला की तू थांबवायचीस. "म्हंजे काय?" मला येत नसेल तर पोरगी फोनवर शोधायची. शेवटच्या महिन्यात नळी टाकायच्या आधी त्यांनी संमतीचा कागद दिला. दाजींपुढं धरला. तू हात पुढं केलास. सहीचं अक्षर सातवीतलंच होतं, गोल आणि उभं. नंतर व्हेंटिलेटरवर घालायचं नाही असाही एक कागद झाला. त्यावरही तुझीच सही आहे. मी तेव्हा रडत होते. तू म्हणालीस, "मास्तरीनबाई, कागदावर पानी पाडू नको, शाई पसरंल."

तुला एक गोष्ट मी कधी सांगितली नाही. कान्हेरीत मी खोटं वाचलं हे मी कबूल केलं नाही, आणि तू कधी विचारलं नाहीस. कितीदा तरी वाटलं की म्हणावं, अक्का, त्या दिवशी मी तीन ओळी गाळल्या. तुला ते कळलेलं होतं हे मला कळत होतं. तू माझ्या तोंडून ऐकायची वाट बघत होतीस का, ते मला कळत नाही. शेवटच्या दिवसांत तुझा आवाज गेला. तू डोळ्यांनी बोलायचीस, आणि मी प्रत्येक वेळी पाणी हवंय का, कूस बदलायची का, एवढंच विचारत राहिले.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, लई नाटकं करूलालीस. मी फक्त लिहून ठेवते की ते चुकलं. मी शिकले म्हणून मला वाटायला लागलं की तुझ्यासाठी काय ऐकणं बरं ते मी ठरवावं. शिकलेल्या माणसाला ही खोड लागते. मी वर्गात आता ते उदाहरण देते, मुंबई आणि मुंबईला. कुणाचं ते सांगत नाही. पोरं हसतात. मी त्यांना हसू देते.

जलदानविधीच्या दिवशी जेवणं चालू होती तेव्हा आपली गावाकडची आत्या माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "घशाला काहीतरी झालं म्हनं. बिचारीला शेवटपर्यंत कळू दिलं न्हाई ना? बरं केलंत बाई."

मी म्हणाले, "आत्या, अन्ननलिकेचा कर्करोग होता. श्वासनलिकेपर्यंत पसरला होता. अक्काला सगळं माहीत होतं."

आत्यानं हात काढून घेतला. तिला ते भयंकर वाटलं असावं. तिनं पत्रावळ पुढं सारली. मग म्हणाली, "आपल्यात असं कुनाला सांगतेत व्हय?"

नाही सांगत. आईला कुणी सांगितलं नाही, बाबांना नाही, आजीला तर काय झालं ते कुणी बघितलंच नाही. तुला काय झालंय आणि किती झालंय हे तुला माहीत होतं, अक्का, आणि त्याच्यावरची सही तुझी होती. आपल्या घरात हे पहिल्यांदा झालं.